गांजाचे झाड व न्यायाचा तराजू

सन 2021 च्या ऑगस्ट महिन्यात सोलापूर जिल्ह्यातील मोहोळ तालुक्याच्या एका शेतकऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज केला. कोणत्याही पिकास धड भाव मिळत नाही, शेती आतबट्ट्याची झाली आहे, सबब आपल्या जमिनीत गांजा लावण्याची परवानगी मिळावी, असे त्याचे मागणे होते. ठरलेल्या मुदतीत उत्तर न आल्यास परवानगी मिळाली असे समजून आपण लागवड सुरू करू, असेही त्याने बजावले होते. अर्ज पोलिसांकडे गेला, प्रसिद्धीसाठी केलेला खटाटोप अशी त्याची संभावना झाली, वर्तमानपत्रांनी दोन दिवस गंमत केली आणि लोक विसरले. आम्हास मात्र तो अर्ज विसरण्यासारखा वाटत नाही. ज्यास चोरून गांजा लावावयाचा असतो तो जिल्हाधिकाऱ्यांस कळवून लावीत नाही. अर्ज करणारा मनुष्य गांजा मागत नव्हता, तो आपल्या पिकाचा भाव मागत होता.

मोहोळ आणि आमचे पाटस ही एकाच रस्त्यावरची व एकाच लोहमार्गावरची गावे आहेत. तोच पुणे-सोलापूर मार्ग, तोच ऊस, तीच कालव्याच्या पाळीची वाट पाहणे आणि तीच कारखान्याच्या पैशाची प्रतीक्षा. जी बुद्धी मोहोळास झाली ती दौंड-शिरूरच्या एखाद्या कर्जबाजारी कुटुंबास होणारच नाही, असे कोणी छातीस हात लावून सांगू शकेल काय? म्हणून हा विषय गमतीवारी न नेता त्याचा शांतपणे विचार करावा, अशी आमची वाचकांस विनंती आहे.

प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट करतो. आम्ही गांजाचे वकीलपत्र घेतलेले नाही. तुकोबांची पालखी दरसाल ज्या पाटसवरून रोटी घाटाकडे वळते, त्या गावात व्यसनाची तरफदारी करण्यास जीभ वळणार नाही. गळ्यात तुळशीची माळ घातलेला वारकरी व्यसनापासून दूर राहतो तो फौजदाराच्या धाकाने नव्हे, स्वतः घातलेल्या बंधनाने. आणि असेच बंधन टिकते. शिवाय आजचा गांजा हा आजोबांच्या काळच्या चिलमीतला गांजा राहिलेला नाही. निवडक संकराने त्यातील मादक द्रव्याचे प्रमाण पुष्कळ वाढविण्यात आले आहे, आणि असा प्रबळ गांजा कोवळ्या वयात रोज ओढणाऱ्यांत बुद्धिभ्रंशाचा धोका वाढतो, असे वैद्यकशास्त्र सांगते. तेव्हा जो कोणी हे झाड निरुपद्रवी म्हणून तरुणांपुढे ठेवील, त्याचे आमच्याशी जमणार नाही. परंतु झाड वाईट म्हणून त्यासंबंधीचा प्रत्येक कायदा व त्याचा प्रत्येक अंमल चांगलाच, हा निष्कर्ष तर्काने निघत नाही.

अलीकडे या विषयात एक नवा मोह शिरला आहे. हातातल्या दूरध्वनीवर परदेशी बियाण्यांच्या जाहिराती झळकतात. त्यात ‘ऑटोफ्लॉवरिंग’ म्हणजे आपोआप फुलावर येणाऱ्या गांजाची मोठी वाखाणणी असते. झाड ठेंगणे, दहा-बारा आठवड्यांत तयार, थंडीवाऱ्यात व ओलसर हवेत उघड्यावर येणारे, असे त्याचे गुण सांगतात. हे गुण खोटे नाहीत. पण ते कोणाच्या उपयोगाचे, हे जाहिरात सांगत नाही. गांजाचे सामान्य झाड रात्री लांबू लागल्याशिवाय फुलत नाही. इंग्लंड, हॉलंड, उत्तर जर्मनी या मुलुखांत उन्हाळ्यातील दिवस फार मोठे असतात. त्यामुळे तेथे हे झाड उशिरा फुलते, आणि फूल भरते तोच शरदातला थंड पाऊस व धुके गाठतात. दाट फुलात ओल धरते, करडी बुरशी शिरते आणि फूल आतून कुजते. इकडे रशियात गांजाची एक लहानखुरी रानटी जात होती. तिचे शास्त्रीय वर्णन यानिशेव्स्की या रशियन वनस्पतिशास्त्रज्ञाने 1924 साली केले. ही जात दिवसाच्या लांबीकडे न पाहता स्वतःच्या वयाप्रमाणे फुलते. तिचा संकर करून थंड व दमट देशांतील लोकांनी पावसाआधी हाती येणारे वाण काढले. त्यांच्या हवेची ती अडचण होती आणि त्यांनी त्यावर तोड काढली.

आता हेच बी भीमाकाठच्या कोरड्या मुलुखात आणून काय साधणार? पाटस पर्जन्यछायेत. येथे वर्षाचा लहानात लहान दिवस सुमारे 11 तासांचा व मोठ्यात मोठा सुमारे 13 तासांचा. पाऊस ओसरला की निरभ्र, कोरडा हिवाळा सुरू होतो. ज्या संकटावर औषध म्हणून ते वाण निघाले ते संकटच येथे नाही. डच मनुष्याची छत्री दौंडच्या उन्हाळ्यात विकावी, असा हा व्यापार आहे. आणि छत्री विकत घेणाऱ्याचे फार तर पैसे जातील. येथे मनुष्याची दहा वर्षे जाण्याचा प्रसंग आहे.

कारण कायदा काय म्हणतो ते पाहा. मादक द्रव्यांसंबंधीचा 1985 चा कायदा त्या वर्षाच्या 14 नोव्हेंबरपासून अंमलात आला. त्यात ‘कॅनबिस’ वर्गातील कोणतेही झाड ही एकच व्याख्या आहे. ठेंगणे असो वा उंच, रशियन असो वा देशी, आपोआप फुलणारे असो वा रात्र लांबल्यावर फुलणारे, कायद्यास सारखेच. ‘हे त्या जातीचे नव्हे’ असा बचाव कोणी सांगेल तर तो टिकणार नाही. विनापरवाना लागवडीस कलम 20 अन्वये दहा वर्षांपर्यंत सक्त मजुरीची कैद व एक लाख रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. जर्मनीत 1 एप्रिल 2024 पासून प्रौढ मनुष्यास घरी तीन झाडे लावण्याची मुभा मिळाली, हे जाहिरात वाचणाऱ्यास ठाऊक असते. तीच तीन झाडे पाटसच्या परसात गुन्हा ठरतात, हे त्यास कोणी सांगत नाही. शिवाय परदेशातून आयात परवान्यावाचून व रोगमुक्ततेच्या दाखल्यावाचून पेरणीचे बी आणविणे हे 2003 च्या वनस्पती संगरोध आदेशाच्या विरुद्ध आहे. तेव्हा टपालाने येणारे पाकीट फोडण्यापूर्वीच मनुष्य अर्धा अडचणीत सापडलेला असतो.

आमच्या व्यापारी व नोकरदार वाचकांपैकी पुष्कळांच्या जमिनी वाट्याने किंवा खंडाने दिलेल्या असतात. त्यांनी आणखी एक कलम ध्यानात ठेवावे. आपल्या जमिनीत अशी लागवड आहे हे ठाऊक असून जो जमीनधारक पोलिसांस तत्काळ कळवीत नाही, तो कलम 46 प्रमाणे शिक्षेस पात्र होतो. पंच, सरपंच व इतर ग्रामाधिकारी यांच्यावर कलम 47 ने तीच जबाबदारी टाकली आहे. ‘आम्ही शहरात, शेत वाटेकऱ्याकडे’ हे उत्तर खरोखर अजाण माणसासच शोभेल. उसाचा फड वर्षभर उभा असतो. त्यात एक फेरी मारण्याचे कष्ट धन्याने घेतले तर पुढचे पुष्कळ अनर्थ टळतील.

इतके झाले लोकांच्या कर्तव्याविषयी. आता सरकारच्या कर्तव्याकडे वळू. आणि आमच्या लेखाचा मुख्य मुद्दा तो आहे.

बाळगलेल्या गांजाच्या बाबतीत कायद्याने पायऱ्या केल्या आहेत. एक किलोपर्यंत अल्प प्रमाण, त्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. वीस किलोंच्या वर व्यापारी प्रमाण, त्यास किमान दहा वर्षे आणि वीस वर्षांपर्यंत. मधल्यांस मधली शिक्षा. हा क्रम समजण्यासारखा आहे. परंतु लागवडीच्या बाबतीत अशी एकही पायरी नाही. परसात दोन रोपे लावणारा म्हातारा आणि चार एकरांत पीक घेऊन मुंबईस माल धाडणारा ठेकेदार, दोघांस कलम एकच व दहा वर्षांची कमाल मर्यादाही एकच. शिक्षा कमी देणे न्यायाधीशाच्या हाती आहे, हे खरे. पण जो न्याय न्यायाधीशाच्या दयेवर सोडला तो कायद्यात नाही, असाच त्याचा अर्थ होतो.

दुसरी गोष्ट वजनाची. तराजूचे मर्म व्यापाऱ्यांस सांगावयास नको. कायद्याच्या व्याख्येप्रमाणे गांजा म्हणजे झाडाचे फुललेले वा फळलेले शेंडे. शेंड्यांवाचून असलेली पाने व बी त्यातून स्पष्टपणे वगळलेली आहेत. असे असता शेतात छापा पडतो तेव्हा काय होते? झाडे मुळासकट उपटली जातात, त्यांची मोळी बांधली जाते, आणि देठ, पाने, मुळे, मुळांची माती यांसह ओल्या भाऱ्याचे वजन पंचनाम्यात ‘गांजा’ म्हणून चढते. हिशेब करून पाहा. एक ओले झाड चार किलो भरले तर पाच झाडांत वीस किलो झाले. सहावे उपटले की शेतकरी व्यापारी प्रमाणाच्या गुन्ह्यात गेला. तेथे कलम 37 उभे राहते. आरोपी दोषी नाही असे मानण्यास वाजवी कारण आहे व तो जामिनावर सुटून पुन्हा गुन्हा करणार नाही, अशी न्यायालयाची खात्री पटल्यावाचून जामीन नाही. म्हणजे खटला उभा राहण्यापूर्वीच शिक्षा सुरू! फुलांचे शेंडे वेगळे करून तोलले असते तर कदाचित हाच माणूस मधल्या पायरीवर राहिला असता. वाण्याने पोत्यासकट, दोरीसकट, भिजवून धान्य तोलले तर वजनमापाचा निरीक्षक त्यास दंड करतो. मग सरकारचे तराजू कोणी तपासावे?

ही केवळ आमची वकिली कुरकुर नव्हे. शेंडे, पाने, देठ व बी यांची सरमिसळ करून केलेले वजन ग्राह्य धरता येत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने जामिनाच्या अर्जांवर वेळोवेळी म्हटले आहे. सर्वोच्च न्यायालयानेही, 2004 च्या निर्णयसंग्रहात प्रसिद्ध झालेल्या एका निकालात, शेतात झाडे आढळली एवढ्यावरून ती आरोपीनेच लावली असे सिद्ध होत नाही, ती आपोआप उगवलेलीही असू शकतात, असे सांगून आरोपीस सोडले. पण उच्च न्यायालयापर्यंत पोहोचण्यास वकील लागतो, वकिलास पैसा लागतो, आणि पैसा असता तर मनुष्याने उसाच्या सरीत गांजा लावला नसता. ज्याच्याकडे पैसा असतो तो परगावी बसून माल मागवितो. त्याचे नाव पंचनाम्यात येतच नाही. चोर सोडून संन्याशास सुळी देण्याचा हा प्रकार नव्हे तर काय?

या विषयास इतिहास आहे, आणि तो आमच्याच शेजारचा आहे. मुंबई इलाख्यात गांजाची परवान्याची लागवड मुख्यत्वे नगर जिल्ह्यात, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात होत असे. मध्यप्रांतात ती खंडव्यास व बंगाल्यात राजशाहीकडील नौगावास होई. बिलायतच्या पार्लमेंटात 1893 साली प्रश्न निघाला, तेव्हा सरकारने मॅकवर्थ यंग यांच्या अध्यक्षतेखाली सात जणांचे एक कमिशन नेमले. त्यात तीन हिंदी गृहस्थ होते. कमिशनने 1193 साक्षी नोंदविल्या व 1894 साली आपला अहवाल दिला. अतिसेवन घातक, परिमित सेवनापासून विशेष अपाय दिसत नाही, सरसकट बंदी आवश्यक नाही व इष्टही नाही, लागवड व विक्री यांवर कडक नियंत्रण ठेवावे, असा त्याचा मथितार्थ होता. परक्या सरकारास या मालावरील कर गोड लागत होता हे उघड आहे, आणि आजचा प्रबळ गांजा त्या कमिशनने पाहिलेला नव्हता. म्हणून त्याचा निष्कर्ष आम्ही आज डोळे मिटून स्वीकारणार नाही. परंतु त्याच्या कामाच्या रीतीतून घेण्यासारखा धडा आहे. वेड्यांच्या इस्पितळांतील नोंदवह्यांत ‘गांजामुळे वेड’ असे शेरे ठिकठिकाणी होते. कमिशनने एकेक प्रकरण मुळापासून तपासले, तेव्हा त्यांपैकी पुष्कळ शेरे कसलाही पुरावा न घेता लिहिले गेल्याचे आढळले. शेरा म्हणजे पुरावा नव्हे, हे त्या काळच्या परक्या अंमलदारांस उमगले. स्वराज्यातील पंचनामा लिहिणारास ते उमगू नये काय?

त्याच नौगावास 1917 साली गांजा पिकविणाऱ्या शेतकऱ्यांनी आपली सहकारी संस्था काढली. मालाचा भाव मधल्या दलालाच्या हातून काढून पिकविणाराच्या हाती द्यावा, हा तिचा उद्देश होता. सहकाराच्या नावाने साखरेचे धुराडे ज्या प्रांतात गावोगाव उभे राहिले, तेथील वाचकांस यातील मर्म समजावून सांगण्याचे कारण नाही. पीक कोणतेही असो, शेतकऱ्याचे दुखणे एकच: पिकविणार हा आणि भाव ठरविणार दुसरा.

आजच्या कायद्याची विसंगती तर विलक्षण आहे. याच झाडाचे पान भांग म्हणून उत्तर प्रदेशात परवानाधारक दुकानातून विकले जाते. कमी मादक जातीचे बी, बियाचे तेल व पीठ हे अन्न म्हणून विकण्यास केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 2021 साली मान्यता दिली. म्हणजे ज्या बियाचे पीठ पाटसच्या वाण्याने उजळ माथ्याने विकावे, ते बी पाटसच्या शेतकऱ्याने परवान्यावाचून पेरले तर बेडी! तोडगा मूळ कायद्यातच आहे. कलम 10 ने राज्यास नियंत्रित लागवडीचे नियम करण्याचा अधिकार आहे, आणि केवळ धागा, बी किंवा उद्यानविद्या यांसाठी लागवडीस परवानगी देण्याची तरतूद कलम 14 मध्ये आहे. केंद्राच्या 2012 च्या राष्ट्रीय धोरणातही अत्यल्प मादक जातींच्या संशोधनास उत्तेजन देण्याचे म्हटले आहे. उत्तराखंडाने शेकडा 0.3 हून कमी मादक द्रव्य असलेल्या झाडांच्या परवान्याची वाट 2018 पासून मोकळी केली. हिमाचलच्या विधानसभेने 2024 साली औषधी व औद्योगिक लागवडीच्या बाजूने ठराव केला. संयुक्त राष्ट्रांच्या मादक द्रव्य आयोगाने 2 डिसेंबर 2020 रोजी गांजास अत्यंत कडक यादीतून काढण्याचे 27 विरुद्ध 25 मतांनी ठरविले, तेव्हा आपल्या देशाने बाजूने मत दिले. जे मत आपण परदेशात उजळपणे दिले त्याचा अर्थ आपल्या शेतकऱ्यास समजावून देण्याची जबाबदारीही आपलीच आहे.

यावर एक आक्षेप हमखास येईल. कायदा सैल केला की तरुण पिढी बुडेल, असे सुज्ञ लोक म्हणतील. त्यांचा हेतू शुद्ध आहे. पण आम्ही कायदा सैल करा म्हणत नाही, नेमका करा म्हणतो. साप म्हणून भुई धोपटल्याने साप मरत नाही, धोपटणाराचे हात मात्र दुखतात. चार झाडांच्या खटल्यात पोलीस, रसायनशाळा व न्यायालय यांची वर्षे खर्ची पडतात, तेवढीच महामार्गावरून क्विंटलांनी जाणाऱ्या मालाच्या मालकास उसंत मिळते. आणि ज्या तरुणास व्यसन जडले आहे त्याने स्वतः होऊन उपचार पत्करल्यास खटल्यापासून संरक्षण देणारे कलम 64 अ याच कायद्यात आहे; ते किती आईबापांस ठाऊक आहे? शाळेच्या भिंतीवर ते एक कलम मोठ्या अक्षरांत लिहिले तर दहा छाप्यांहून अधिक काम होईल.

सारांश, आमच्या मागण्या चार आहेत. पहिली, जप्त केलेल्या झाडांचे शेंडे वेगळे करून, माती व मुळे काढून, कलम 52 अ प्रमाणे दंडाधिकाऱ्यासमोर त्यांचे वजन व नमुने घ्यावेत. ओल्या भाऱ्याचे वजन गांजाचे वजन म्हणून लिहू नये. यास नवा कायदा लागत नाही, एक परिपत्रक पुरे. दुसरी, लागवडीच्या गुन्ह्यास बाळगण्याप्रमाणेच पायऱ्या कराव्यात, म्हणजे दोन रोपांचा माणूस व चार एकरांचा ठेकेदार यांत कायदा स्वतःच फरक करील. हे काम संसदेचे आहे व आपल्या खासदारांस ते विचारता येते. तिसरी, धागा व बी यांसाठी अमादक जातींचा प्रयोग राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाकडे सोपवावा. ज्या जिल्ह्यात एके काळी गांजा पिकत होता त्याच जिल्ह्यात हे विद्यापीठ आहे. आपल्या हवेस कोणते वाण मानवते व त्यात नफा आहे की नाही, हे परदेशी जाहिरातीने न सांगता त्याने सांगावे. नफा नसेल तर तेही उघडपणे सांगावे, म्हणजे मोह आपोआप उतरेल.

चौथी मागणी सर्वांत जुनी आहे. ऊस घातल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यावेत व उशीर झाल्यास शेकडा पंधरा दराने व्याज द्यावे, असा 1966 चा ऊस नियंत्रण आदेश आहे. तोही कायदाच आहे. शेतकऱ्याने कायदा मोडला की पहाटे दारात पोलीस येतो. शेतकऱ्यासाठी केलेला कायदा मोडला गेला की अर्ज, स्मरणपत्र व शिष्टमंडळ यांची रांग लागते. हे दोन कायदे ज्या दिवशी एकाच तत्परतेने अंमलात येतील, त्या दिवशी उसाच्या फडात गांजा लपविण्याची बुद्धी फार थोड्यांस होईल, असा आमचा विश्वास आहे. तोवर सरकारने शेतकऱ्याचे झाड अवश्य तोलावे. परंतु तोलण्यापूर्वी त्याच्या मुळांची माती झटकावी, एवढेच आमचे सांगणे आहे.